रहस्य-चित्रकादंबरी बालविभागातून बाहेर काढा: इंदूरच्या मराठी ग्रंथालयांना आणि वाचक मंडळांना खुले पत्र

माननीय सदस्यहो,

सादर नमस्कार.

इंदुरातच घडणारी आणि लेखक-चित्रकारांनी पदरमोड करून छापलेली एक मराठी रहस्य-चित्रकादंबरी आपल्यापैकी काही ग्रंथालयांनी विकत घेतली. त्याबद्दल आधी आभार. मराठीत अशी पुस्तके मोजकीच निघतात आणि ती घेणारी ग्रंथालये त्याहून मोजकी. पण विकत घेतल्यावर त्या पुस्तकाचे जे झाले, त्यासाठी हे पत्र लिहावे लागत आहे. मोठ्यांसाठी लिहिलेले पुस्तक बालविभागाच्या कपाटात गेले. एके ठिकाणी त्याची नव्याने बांधणी झाली आणि चित्रांच्या कडा शिलाईत गेल्या. एका चर्चेत फुग्यांतले संवाद तेवढे मोठ्याने वाचले गेले, चित्रे कोणासमोरच नव्हती, आणि मत पडले की उलगडा आकाशातून पडल्यासारखा येतो. आता ‘मागणी नाही’ एवढ्या शेऱ्यावर ते निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या पुस्तकांच्या, यादीत जाऊ घातले आहे.

आम्ही चित्रकथा काढणारी, मराठी अक्षरजुळणी करणारी, छापखान्यात आणि बांधणीखात्यात काम करणारी माणसे आहोत. या पुस्तकात आमचा पैसा नाही आणि श्रेयनामावलीत नावही नाही. पुस्तकाचे नाव मुद्दामच घेत नाही. त्यातला एक दुवा उकलून दाखवल्याशिवाय आमचे म्हणणे पटणार नाही, आणि नाव घेऊन तो उकलला तर पुढच्या वाचकाची मजा जाईल. दुवा मधला आहे. गुन्हेगार कोण हे त्यावरून कळत नाही.

सराफ्यातल्या एका पेढीवर दागिना गहाण पडतो. पावतीवर मिती आहे ‘कार्तिक बदी ५’. शोध घेणारी बाई मराठी घरातली. ती सरळ हिशेब मांडते: कार्तिक वद्य पंचमी, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेनंतरचा पाचवा दिवस, दिवाळी केव्हाच होऊन गेलेली. ज्याच्यावर संशय आहे तो त्या दिवशी मुंबईला होता आणि त्याला साक्षीदार आहेत. संशय फिटतो. पण पावती लिहिणारा पेढीवाला माळव्याच्या रिवाजाचा. त्याचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचे नाव एकच असते. वद्य पक्षात त्याचे नाव आपल्यापेक्षा एक महिना पुढे असते. त्यामुळे त्याची कार्तिक बदी ५ ही आपली आश्विन वद्य ५, दिवाळीच्या अमावास्येच्या दहा दिवस आधीची. पावती पूर्ण एका चांद्रमासाने मागे सरकते आणि मुंबईचे साक्षीदार कामाचे राहत नाहीत.

इंदूरच्या मराठी माणसाला हा फरक नवा नाही. शेजाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, त्यांचे सोमवार आधी सुरू होतात, आपले नंतर. रामबागेत किंवा लोकमान्यनगरात वाढलेल्या कोणालाही हे ठाऊक असते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मात्र ते पुस्तकातच शिकावे लागणार. लेखकाने ते कसे शिकवले आहे, ते पाहण्यासारखे आहे.

पान ३१ वर स्वयंपाकघर आहे. भिंतीवर मराठी दिनदर्शिका, ऑक्टोबरचे पान उघडलेले. एका चौकोनात दुधाचा हिशेब खरडलेला आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘आश्विन व. ५’. पान ५८ वर पेढी आहे. भिंतीवर जबलपूरचे लाला रामस्वरूप पंचांग, तोच महिना, त्याच तारखेच्या चौकोनात ‘कार्तिक कृ. ५’. दोन्ही चौकटींत दिनदर्शिका उजव्या वरच्या कोपऱ्यात आणि साधारण एकाच मापाची काढली आहे, म्हणजे ज्याला जोडी लावायची त्याला लावता यावी. पान ५८ वर तिच्या बरोबर खाली पेढीवाला बोलतो आहे, त्यामुळे डोळा फुग्याकडे ओढला जातो आणि भिंत सुटते. चकवा तिथे आहे. पान ७६ वर दागिना घराबाहेर गेला त्या संध्याकाळची आठवण येते. खिडकीत अर्धवट बांधलेला आकाशकंदील, कामट्या अजून उघड्या, कागद चिकटवायचा राहिलेला. दिवाळी झाल्यावर असा कंदील कोण बांधत बसेल? पान ९७ च्या तळाशी ती बाई पावती पुन्हा हातात घेते. पान उलटले की ९८ वर दोन भिंती शेजारीशेजारी.

एकच गोष्ट तीन वेळा समोर ठेवली आहे आणि तिन्ही वेळा चित्रातच. पान ९८ येईपर्यंत त्याबद्दल एक शब्दही नाही. संवाद तेवढे वाचून दाखवले तर उलगडा आकाशातून पडल्यासारखा वाटणारच. चर्चेतल्या श्रोत्यांना दोष देता येत नाही, त्यांच्यापासून पुरावाच दूर ठेवला गेला होता. पण त्या चर्चेतले मत पुढे निवडीच्या टिपणात जसेच्या तसे उतरले, हे आम्हांला मान्य नाही.

अशा पुस्तकाची पारख करण्याची एक रीत आहे आणि ती कोणत्याही समितीला करून पाहता येईल. उलगड्याच्या पानांवर ज्या ज्या वस्तुस्थितीचा आधार घेतला आहे तिची कागदावर यादी करा. प्रत्येकीसमोर ती पहिल्यांदा ज्या पानावर दिसते त्याचा क्रमांक लिहा. एखाद्या ओळीसमोर उलगड्याच्या आधीचा क्रमांकच लिहिता आला नाही, तर लेखकाने वाचकाला फसवले आहे, आणि तसे टिपणात खुशाल लिहा. क्रमांक आहे पण चित्रातली अक्षरे छापील पानावर दोन मिलिमीटरपेक्षा बुटकी आहेत, तर तीही फसवणूकच. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकाला ती भिंगाशिवाय दिसणार नाहीत. या पुस्तकातली तिथीची अक्षरे जेमतेम त्या मापाची आहेत, वाचता येतात. अशा १४४ पानांतले शब्द तासाभराच्या आत वाचून होतात, म्हणून पुस्तक ‘हलके’ समजले जाते. भिंती, टेबले, चपला, सावल्या यांच्यासाठी दुसरा तास ठेवावा लागतो. तो न देता दिलेला अभिप्राय आम्ही अर्धाच धरतो.

छपाईच्या बाजूबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पुस्तक चांगले की वाईट हे तिथेही ठरते आणि समितीत या बाजूचा माणूस क्वचितच असतो.

रहस्यकथेत पान उलटणे ही लेखकाच्या हातातली सर्वांत मोठी सोय. प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी, उत्तर पुढच्या डाव्या पानावर. छापील पुस्तकात विषम आकडा उजवीकडे येतो, सम डावीकडे. म्हणून ९७ वर प्रश्न आणि ९८ वर उत्तर. आता छपाईच्या आदल्या दिवशी कोणी म्हणाले, सुरुवातीला एका मान्यवरांचे एक पान ‘दोन शब्द’ टाकू या, तर सगळी पाने एकाने सरकतात. प्रश्न आणि उत्तर समोरासमोर येतात आणि वाचकाची नजर प्रश्नाआधी उत्तरावर पडते. मराठी पुस्तकांत ऐन वेळी अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, जाहिरात घुसवण्याची सवय जुनी आहे. गद्य कादंबरीला त्याने काही होत नाही, इथे पुस्तकाचा कणा मोडतो. भर घालायचीच तर ती दोन पानांची, म्हणजे एक अख्खा कागद, तरच घालावी. या पुस्तकात हे काटेकोर सांभाळले आहे.

कागदाचे मात्र चुकले आहे. ८० ग्रॅमचा मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा छपाईचा कागद, वापरला आहे. पान ९८ वर दोन भिंतींच्या मधली पट्टी भरीव काळी आहे आणि ती मागून पान ९७ वर अंधुक उमटते. उजेडात धरले तर चौकटींचा आराखडाही कळतो. मजकुराच्या पुस्तकाला हा कागद उत्तम, ओळींमधले पांढरे सगळे झाकून नेते. भरीव काळ्या चित्राला निदान १०० ते १२० ग्रॅमचा, दाट कागद लागतो. खर्च वाचवायला पातळ घेतला असणार हे समजते. तरी ही उणीव आहे आणि अभिप्रायात यायला हवी होती. एकाही अभिप्रायात आली नाही.

रात्रीच्या प्रसंगांतही नुकसान झाले आहे. बिनचकाकीच्या कागदात शाई पसरते, छापण्याचे ठिपके फुगतात. संगणकाच्या पडद्यावर ८५ टक्के आणि ९५ टक्के काळ्यात स्पष्ट फरक दिसतो. मॅपलिथोवर दोन्ही मिळून एकच काळे होते. पान ११२ वर अंधाऱ्या जिन्यात एक माणूस उभा आहे, तो कोट घातलेला आहे की शाल पांघरलेला हे कळायला हवे, आणि कळत नाही. उपाय सोपा असतो. अंधार करड्या छटांनी भरण्याऐवजी काळे सपाट ठेवायचे आणि आकृतीची कड पांढऱ्या रेषेने सोडवायची, किंवा सर्वांत गडद छटा ७० टक्क्यांवर थांबवून त्यापुढे थेट भरीव काळे घ्यायचे. मशीनवर चढवण्याआधी त्याच कागदावर एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापायची सोळा पाने, छापून पाहिला असता तर लक्षात आले असते. रेषांचे चित्र १२०० डीपीआयला (इंचाला इतके ठिपके), छटांचे निदान ६०० ला ठेवले की कड दातेरी होत नाही. ते इथे नीट केले आहे.

अक्षरजुळणी या पुस्तकाची उजवी बाजू. देवनागरीला फुग्यात जागा जास्त लागते. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. ९ पॉइंटच्या अक्षराला दोन ओळींत १३ पॉइंटचे अंतर नसेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर बसतो. त्यामुळे एका फुग्यात पंचवीस शब्दांपुढे जाऊ नये आणि एका पानावर सहा चौकटींपेक्षा जास्त भरू नयेत. यात सहसा पाचच आहेत. फोटोशॉपसारख्या प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांसाठीचा जुळणीचा पर्याय निवडायचा राहिला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे पडते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. मराठी चित्रकथांत ही चूक सर्रास दिसते. या पुस्तकात ती शोधूनही सापडली नाही. काळी अक्षरे शुद्ध काळ्यानेच छापली आहेत, त्यामुळे अनुस्वाराचा ठिपका बुजलेला नाही.

उणिवांत आणखी एक. पेढीवाला, त्याचा भाऊ आणि घरमालक हे तिघे एकाच वयाचे, तिघांना मिशा, तिघे टोपी घालतात. शब्दांच्या कादंबरीत नाव आले की माणूस ओळखू येतो. इथे पाठमोरा माणूस कोण ते अंगलटीवरून कळायला हवे. एकाला पोक, एकाला लांब मान, एकाला छत्री दिली असती तरी काम झाले असते. पान ८० नंतर दोन ठिकाणी वाचक अडखळतो, आणि तो लेखकाने ठेवलेला चकवा नाही.

आता ग्रंथालयात पुस्तक आल्यावर काय होते ते.

पहिला प्रश्न शिक्क्याचा. दाखल अंक आणि शिक्का मुखपृष्ठामागच्या पानावर, शेवटच्या पानावर आणि गुप्त पानावर, म्हणजे ग्रंथालयाने ओळखीसाठी ठरवलेल्या आतल्या पानावर, मारायची पद्धत आहे. गद्य पुस्तकात शिक्का ओळींवर पडला तरी मजकूर वाचता येतो. आम्ही पाहिलेल्या एका प्रतीत गुप्त पान नेमके ३१ आहे आणि जांभळा गोल शिक्का वरच्या उजव्या कोपऱ्यात, थेट दिनदर्शिकेवर. मॅपलिथोत ती शाई मुरते, पुसली जात नाही. ती प्रत वाचणाऱ्या कोणालाही पहिला दुवा मिळणे शक्य नाही. चित्रांच्या पुस्तकासाठी गुप्त पानाचा क्रमांक बदलून घ्या; ज्या पानाच्या तळाशी शिक्का मावेल एवढा पांढरा समास आहे असे पान निवडा आणि क्रमांक दाखल नोंदवहीत शेऱ्यात लिहा. सगळी पाने कडेपर्यंत चित्रांनी भरलेली असतील तर श्रेयनामावलीचे पान आणि शेवटचे कोरे पान एवढे पुरे.

दुसरा प्रश्न बांधणीचा, आणि इथे सर्वांत जास्त नुकसान होते. ग्रंथालयाची नेहमीची बांधणी म्हणजे कव्हर काढायचे, कण्यापासून दहा-बारा मिलिमीटरवर भोके पाडून दोऱ्याने आवळायचे, पुठ्ठा चढवायचा आणि तिन्ही कडा कापून साफ करायच्या. टिकाऊ असते यात शंका नाही. पण अशी शिलाई झालेले पुस्तक सपाट उघडत नाही. दोन्ही बाजूंनी पंधरा मिलिमीटर तरी आत जातात. या पुस्तकाचा आतला समास बारा मिलिमीटरचा आहे. म्हणजे डाव्या पानावर प्रत्येक ओळीतल्या शेवटच्या चौकटीची उजवी कड जाते आणि उजव्या पानावर पहिल्या चौकटीची डावी. ओळीतली शेवटची चौकट ही बहुधा महत्त्वाची असते, आणि पान ५८ हे डावे पान आहे, पंचांग उजव्या कोपऱ्यात! नव्याने बांधलेल्या त्या प्रतीत पंचांगाचा अर्धाच भाग दिसतो, तिथीचा चौकोन शिलाईत आहे. कडा कापल्यामुळे काही पृष्ठक्रमांकही गेले आहेत. अशा प्रतीवरून पुस्तकाला दुर्बोध म्हणणे अन्यायाचे होते.

याला पर्याय आहे. पुस्तक नवे असेल तर बांधणीला देऊच नका. मूळ कव्हरवर पारदर्शक प्लास्टिकचे वेष्टन घाला आणि कव्हर जिथे दुमडते तिथे आतून पातळ कापडाची पट्टी चिकटवा. पाने सुटायला लागली असतील तर भोके न पाडता, फक्त चिकटवून बांधणी करता येते. कण्यावरचा जुना, कडक झालेला गोंद खरवडून काढायचा. पाने ठोकून सारखी करून दोन फळ्यांत घट्ट पकडायची, कण्याची बाजू वर. मग पानांचा गठ्ठा एका अंगाला वाकवून कण्यावर पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्यायचा, म्हणजे प्रत्येक पानाच्या कडेला मिलिमीटरभर गोंद लागतो. तसाच दुसऱ्या अंगाला वाकवून दुसरा हात. वर मलमलीची पट्टी, आणि रात्रभर वजनाखाली. गोंद जाड लावला तर वाळताना कणा आखडतो आणि पाने लाटेसारखी उठतात, म्हणून दोन पातळ हात. मॅपलिथो गोंद चांगला धरतो. चकाकीच्या आर्ट पेपरवर हीच पद्धत कमी टिकते, कारण वरचा थर गोंदाला आत शिरू देत नाही. तिथे कण्यावर आधी कानशीने हलके खरखरीत करून घ्यावे. यात समासाचा मिलिमीटरदेखील जात नाही.

तिसरी गोष्ट जागेची. ड्युई दशांश या पुस्तकांच्या वर्गीकरण पद्धतीत चित्रकथा आणि चित्रकादंबऱ्या ७४१.५ मध्ये येतात. ज्या ग्रंथालयांत स्वतःची साधी विभागणी आहे तिथे ही पुस्तके रहस्यकथांच्या कपाटात, वेगळ्या फळीवर ठेवावीत आणि कण्यावरच्या चिठ्ठीवर ‘प्रौढ’ असे स्वच्छ लिहावे. नोंद दोन नावांखाली हवी, लेखकाच्या आणि चित्रकाराच्याही. बालविभागात ठेवल्याने दोन्हीकडून तोटा झाला. ज्या वाचकांसाठी ते लिहिले ते त्या कपाटाकडे फिरकत नाहीत. आणि दहा वर्षांच्या मुलाच्या हाती फासावर लटकलेल्या माणसाचे पानभर चित्र पडले, त्याच्या पालकांनी तक्रार केली. तक्रार रास्त होती, पुस्तकाची नव्हे तर कपाटाची. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पाच नियमांतला तिसरा नियम आपल्या ग्रंथपालांना तोंडपाठ आहे: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ‘मागणी नाही’ हा शेरा लिहिण्याआधी पुस्तक त्या वाचकाच्या वाटेवर ठेवले होते का, एवढे पाहावे.

चित्र दिसले की मुलांचे, ही समजूत कुठून आली हे आम्ही जाणतो. आजच्या समित्यांतल्या अनेकांनी लहानपणी चांदोबा वाचला, १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला, आणि मोठेपणी ते कपाट मागे पडले. रहस्यकथा मात्र मोठ्यांनीच वाचल्या; अर्नाळकरांची पुस्तके लायब्ररीतून रोज एक नेणारे गृहस्थ मुले नव्हती. या दोन सवयी एका पुस्तकात एकत्र आल्या की ते कुठे ठेवायचे हे सुचत नाही, इतकेच. पण हे शहर देवळालीकर मास्तरांच्या कलाशाळेचे आहे. बेंद्रे, डी. जे. जोशी, हुसेन, चिंचाळकर गुरुजी त्यांच्या हाताखालून गेले. वाळलेल्या पानात आणि टाकाऊ लाकडात चेहरा पाहायला गुरुजींनी इंदूरला शिकवले. अशा शहरातल्या मराठी समितीने भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली नाही, याचे आम्हांला खरोखर वाईट वाटले.

किमतीबद्दलही बोलले गेले, की ‘कॉमिकला एवढे पैसे?’ १४४ पाने म्हणजे सोळा पानांचे नऊ फॉर्म. प्रत्येक फॉर्मच्या दोन बाजू, म्हणजे काळ्या-पांढऱ्या छपाईला अठरा प्लेटा (छपाईचे पत्रे). रंगीत असते तर चौपट, बहात्तर. तीनशे प्रती काढा की तीन हजार, प्लेटांचा आणि मशीन लावण्याचा खर्च तेवढाच. थोड्या प्रती काढणाऱ्याला तो प्रत्येक प्रतीवर जड पडतो. आराखडा, पेन्सिल, शाई, छटा, अक्षरे मिळून एका पानाला दीड दिवस धरला तरी एका चित्रकाराचे २१६ दिवस. वितरकाचा वाटा आणि ग्रंथालयाची सवलत त्याच किमतीतून जाते. स्वतंत्रपणे निघणाऱ्या पुस्तकाकडे सवलत कमी मागावी, किंवा वितरकाला वगळून थेट लेखकाकडून घ्यावे. बिल आणि पावती तेही देतात.

वाचक मंडळांना एक विनंती. या पुस्तकावर पुन्हा चर्चा ठेवा, पण दोन बैठकांत. सूचनेतच लिहा की पहिल्या बैठकीपूर्वी पान ९७ पर्यंतच वाचून यायचे. त्या बैठकीत प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: संशय कोणावर, कशावरून, आणि ते कोणत्या पानावरच्या कोणत्या चौकटीत दिसले. चिठ्ठ्या पेटीत ठेवून द्याव्यात आणि पुढच्या आठवड्यात पुस्तक संपवून आल्यावर उघडाव्यात. कोण बरोबर निघाले याहून कोणती चौकट किती जणांनी पाहिली, यावर बोलण्यासारखे जास्त निघेल. प्रती कमी पडतात म्हणून पाने पडद्यावर दाखवायची असतील तर लेखकांची परवानगी घ्यावी आणि एका वेळी एकच पान दाखवावे. समोरासमोरची दोन पाने एकत्र दाखवली की डोळा पुढे धावतो. पानांचे फोटो काढून गटावर पाठवू नयेत. उलगड्याचे एक पान एका गटावर फिरले आणि त्यानंतर दोन ठिकाणी राखून ठेवलेल्या प्रती लोकांनी न वाचताच परत केल्या, हे नुकतेच घडले आहे. परिचय लिहिणाऱ्यांनीही पहिल्या पाव भागापलीकडचे कथानक सांगू नये आणि सोबत छापायचे चित्र त्याच भागातले निवडावे.

शेवटी निर्लेखनाचे. यादी कायम होण्याआधी हे पुस्तक प्रौढ रहस्यकथांच्या फळीवर सहा महिने ठेवावे, दर्शनी बाजू पुढे करून, आणि त्या सहा महिन्यांची देवघेव पाहून मग ठरवावे. शिलाईत चित्रे गेलेली प्रत दुरुस्त होणार नाही. तिच्याऐवजी नवी मागवावी लागेल. शिक्का पडलेल्या प्रतीचे मात्र पान बदलता येते. लेखकांकडून पान ३१-३२ चा नवा कागद त्याच जाडीचा छापून घ्यावा, कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर आहे याची खात्री करावी, नाहीतर पान वाळताना वळते. खराब पान कण्यापासून सहा मिलिमीटर सोडून धारदार पात्याने कापावे, खाली पुठ्ठा सरकवून, म्हणजे पुढचे पान चिरत नाही. उरलेल्या पट्टीवर चार मिलिमीटर रुंद गोंद लावून नवे पान बसवावे, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे तुकडे ठेवून पुस्तक मिटावे आणि रात्रभर वजनाखाली राहू द्यावे. दाखल नोंदवहीत पान बदलल्याची तारीख टाकावी. आमच्यातले बांधणी करणारे हे काम आपल्या ग्रंथालयात येऊन, विनामूल्य करून देतील.

आपले,
इंदूरमधील चित्रकथाकार, अक्षरजुळणीकार, छपाई आणि बांधणी कारागीर